दोरी येत नाही

खालच्या बागेतून ग्रासकटरचा आवाज येत असतो तोवर माझं तिकडे लक्ष नसतं. आवाज बदलला की कान टवकारले जातात. दोरी झिजून आखूड झाली की इंजिनावरचा भार उतरतो आणि त्याचा सूर वर चढतो. मग हेड जमिनीवर आपटल्याचे दोन ठोके, पुन्हा दोन, पुन्हा तोच चढा सूर, आणि एकदम शांतता. त्या शांततेत कुठल्या तरी जाळीतून भारद्वाजाचा घुमारा ऐकू येतो, आणि थोड्या वेळानं गडग्यापलीकडून मशीन चालवणाऱ्या तात्यांची हाक, "भाऊ, दोरी येत नाय हो!"

गेली सात-आठ वर्षं भाद्रपद-अश्विनात मी ही हाक ऐकतो आहे. पहिली दोन-तीन वर्षं ती ऐकली की मला राग यायचा. मशीनचा यायचा, दोरी विकणाऱ्याचा यायचा, आणि सांगायला लाज वाटते, पण तात्यांचाही यायचा. हात जड आहे यांचा, आपटतात फार, असं मी मनात म्हणायचो. दोष कुठे होता ते कळायला वेळ लागला. रिळावर दोरी भरून द्यायचो मी.

आमची बाग राजापूर तालुक्यात, गावाच्या वरच्या अंगाला, माती पातळ होत होत कातळ सुरू होतो त्या काठावर. 1990 साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवडीची योजना आली आणि कोकणातल्या कितीतरी वरकस जमिनींवर, जिथे नाचणी-वरी व्हायची किंवा नुसतं गवत वाढायचं, तिथे आंब्या-काजूची कलमं उभी राहिली. आमची ऐंशीएक कलमं त्यातलीच. कलमं वाढत गेली तशी वाडीतली घरं एकेक करून बंद होत गेली. मुंबईला गेलेली माणसं गणपतीला येतात आणि गौरी गेल्या की परततात. बेणणीचे, म्हणजे बागेतलं गवत कापायचे, दिवस सुरू होतात ते नेमके त्यानंतर. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात तोवर गवत कमरेला लागलेलं असतं. टाकळा वाळायला आलेला असतो, रानमोडीनं कोपरे धरलेले असतात. हे सगळं वेळेत काढलं नाही तर थंडीत वाळतं आणि एखाद्या दुपारी सड्यावरून वणवा खाली उतरतो. वणव्यानं होरपळलेलं कलम ज्यानं एकदा बघितलंय तो बेणणी पुढे ढकलत नाही.

पूर्वी बेणणीला आठ-दहा माणसं ओळीनं बसायची. बायका जास्त. डाव्या हातात गवताची मूठ, उजव्या हातात विळा. मूठ धरल्याशिवाय विळा चालत नसे, म्हणजे जे कापलं जाणार त्याला आधी हात लागलेला असायचा. दगडाखाली वेटोळं घालून बसलेलं फुरसं त्या हाताला आधी कळायचं, कधी कळायचं नाही आणि मग धावपळ व्हायची. लाव्याचं घरटं दिसलं तर तेवढं गवत राखून ओळ पुढे सरकायची. मे महिन्यात कोणीतरी खाऊन टाकलेल्या बाठ्यातून रायवळ आंब्याचं रोप वर आलेलं असायचं. ते कापलं जायचं नाही. "ह्यो ठेव गो, कलम बांधूक व्हयत," असं कोणी कणकवलीकडून लग्न होऊन आलेली म्हणायची. कंबर मात्र मोडून जायची त्यांची. ती मी विसरत नाही. विळ्याच्या दिवसांबद्दल हळहळणाऱ्याला मी एक दिवस, फक्त एक दिवस, उकिडवं बसून बेणायला सांगेन.

म्हणून ग्रासकटर आला तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. खांद्यावर पट्टा, टू-स्ट्रोक इंजिन, ऑइल घातलेलं पेट्रोल, लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला ते गोल हेड. लोखंडी पातंही मिळतं, पण आमच्या जमिनीत जांभ्याचे गोटे इतके की पातं दगडावर बसलं की दांडा उलटा झटका देतो. तेव्हा दोरीच.

ही दोरी हातात घेतली तर अगदी गरीब वस्तू आहे. नायलॉनची, अडीच-पावणेतीन मिलिमीटर जाड, बोटाभोवती गुंडाळता येते. हिनं लाजाळूचा काटेरी वेल तुटेल यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. पण हेड मिनिटाला सहा हजार फेरे घेतं असं धरलं तर सेकंदाला शंभर झाले. 40 सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात दोरीचं टोक तेव्हा सेकंदाला सव्वाशे मीटर जातं, म्हणजे ताशी 450 किलोमीटर. फिरण्यानं ती बाहेरच्या बाजूला ओढली जाते आणि त्या ओढीमुळेच ताठ उभी राहते. गोफण फिरवलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. गोफणीची दोरीही हातात लोंबतच असते.

टोक झिजत जातं, जांभ्याच्या गडग्याला लागलं तर पटकन झिजतं. म्हणून हेडच्या पोटात रीळ असतं आणि रिळावर जादा दोरी गुंडाळलेली असते. हेडच्या खालचं बटण जमिनीवर टेकवलं की स्प्रिंग दबते, रीळ खाचेतून सुटतं, फिरण्याच्या ओढीनं दोन बाजूंच्या दोन भोकांतून दोरी थोडी थोडी बाहेर सरकते आणि स्प्रिंग रिळाला परत खाचेत बसवते. जास्त आली तर गार्डखालचं छोटं पातं ती छाटून दोन्ही टोकं सारखी करतं. इतकं साधं आहे सगळं. दोरी बाहेर खेचायला आत मोटर नाही, चाक नाही. बाहेर जेवढी दोरी आहे तीच आतल्या दोरीला ओढून काढते. बाहेरचं टोक भोकापर्यंत झिजलं की ओढायलाच कोणी उरत नाही, आणि मग हेड कितीही आपटलं तरी काही होत नाही. तात्यांचे ते चढ्या सुरातले ठोके आठवले की आता मला वाईट वाटतं. ते बरोबर तेच करत होते जे त्यांना मी सांगितलं होतं.

त्या सुरुवातीच्या वर्षांत एका दुपारी तिसऱ्यांदा हाक आली. मी हेड खोलून पडवीत बसलो होतो. बाजूला आई तिच्या पायमशीनवर उशांचे अभ्रे शिवत होती. ती आता 78 वर्षांची आहे, सुईत दोरा ओवायला नातवाला हाक मारते, पण मशीन सोडलेलं नाही. हेडचं झाकण दोन्ही बाजूंच्या कळा दाबून काढलं, तर आत हिरव्या गवताचा लगदा आणि लाल माती गच्च बसलेली. ती खरवडून काढली, रीळ बाहेर घेतलं. वरचे वेढे हातानं सुटले. पुढे एक वेढा खाली दबलेला आणि त्याच्यावरून दुसरा आडवा गेलेला. टोक ओढावं तितका आडवा वेढा खालच्याला आणखी आवळत होता. आणखी आत गेलो तर वेढे एकमेकांना चिकटलेलेच. नख घालून उचकटले तेव्हा टक् टक् असा बारीक आवाज करत सुटले आणि जिथे चिकटले होते तिथे दोन्ही वेढ्यांवर पांढुरका चट्टा राहिला. मी बोट फिरवून बघितलं. तिथे नायलॉन मऊ पडून पुन्हा घट्ट झालं होतं. सैल गुंडाळलेले वेढे इंजिनाच्या थरथरीनं एकमेकांवर घासत राहतात, घासून तापतात आणि सांधले जातात.

आईचं पाय मारणं थांबलं. तिनं हात पुढे केला, मी रीळ दिलं. तिनं ते डोळ्यांजवळ नेलं, कडेनं फिरवलं, आणि विचारलं, "कोणी भरलं हे?"

"मी."

"रात्री भरलंस?"

रात्रीच भरलं होतं. जेवण झाल्यावर, पडवीतल्या मंद दिव्याखाली, सुंभ गुंडाळावा तसं, जास्तीत जास्त दोरी एकदाच मावावी म्हणून काठोकाठ.

"बॉबीन अशी भरली तर खालचा दोरा अडकतो," ती म्हणाली. "आणि माणसं सुई बदलत बसतात."

मग तिनं मला दोरी भरायला शिकवलं. तिनं आयुष्यात ग्रासकटर हातात धरलेला नाही. पण रिळावरचा बाण तिनं माझ्याआधी पाहिला. कुठल्या दिशेनं गुंडाळायचं ते त्यावर लिहिलेलं होतं आणि मी दोन वर्षं ते न वाचता भरत होतो. उलटं भरलं की दोरी मनाला येईल तशी सुटते किंवा मुळीच सुटत नाही. दोरी मधोमध दुमडायची, दुमड रिळाच्या मधल्या पडद्याच्या खाचेत बसवायची, एक पदर वरच्या कप्प्यात, दुसरा खालच्या. बोटानं ताण धरून ठेवायचा. वेढ्याशेजारी वेढा, पहिली ओळ काठापर्यंत पुरी झाल्याशिवाय दुसरी ओळ चढवायची नाही. काठापासून थोडी जागा मोकळी सोडायची, कारण रीळ गच्च भरलं की दोरी हेडच्या भिंतीला घासते आणि हलायला वाव राहत नाही. शेवटी दोन्ही टोकं समोरासमोरच्या खाचांत अडकवायची, भोकांतून ओवायची, झाकण बसवायचं आणि टोकं एकदम ओढून खाचेतून सोडवायची. आईनं गळ्यातली मोजपट्टी काढून दोन्ही टोकं मोजली. एक बोटभर लांब होतं. "हे काप," म्हणाली. एक टोक लांब राहिलं की हेड डगमगतं, दांडा थरथरतो, आणि संध्याकाळी तात्यांचे हात झोपेतही थरथरत राहतात. हे मला त्यांच्या घरातून कळलं, त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत हाक आली नाही. मी तीन-चारदा गडग्यापर्यंत जाऊन आलो. ठोका, आणि लगेच सूर खाली. ठोका, सूर खाली. दोरी येत होती.

एकदा कारण शोधायची सवय लागली की बाकीचे दोषही बोलू लागतात. दोरी येते पण पटापट तुटते, असं झालं तेव्हा बंडल पाहिलं. ते आम्ही कौलांखालच्या माळ्यावर ठेवलेलं, चैत्र-वैशाखाच्या तापात. नायलॉनमध्ये थोडंसं पाणी मुरलेलं असतं, त्यानंच ते लवचीक राहतं; सुकलं की कडक होतं आणि कडक दोरी दगडाला लागताच मुळाशी मोडते. राजापूरच्या बाजारातल्या एका मेकॅनिकनं सांगितलं, आदल्या रात्री बादलीत भिजत घाला. खरं वाटलं नव्हतं. आता भरण्याआधी एक दिवस दोरी पाण्यात असते, कडधान्याच्या वाडग्याशेजारी. दुसऱ्या वर्षी दोरी सतत बाहेर येऊन गार्डपाशी तुकडे पडत होते. बघितलं तर स्प्रिंगच नव्हती, साफ करताना गवतात उडून गेली होती. एकदा भोकाची धातूची कडी झिजून तिला धार आली होती आणि ती प्रत्येक ठोक्याला दोरी कातरत होती. आणि एकदा हेड दांड्यावरून काढताना मी सगळा जोर लावून ते आणखी आवळत होतो, कारण बहुतेक मशीनांवर तिथला आटा उलटा असतो.

गार्ड काढून टाकण्याबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचं आहे, कारण आमच्या भागात पाहावं तिथे गार्ड काढलेला दिसतो. ओलं गवत त्यात अडकतं हे खरं आहे. पण गार्ड गेला की दोरी छाटणारं पातंही गेलं. दोरी दीड-दीड वीत बाहेर येते, कापणारा खूश होतो की एका फेरीत जास्त कापलं जातंय. ती लांब दोरी फिरवताना इंजिनाला धाप लागते, फेरे कमी होतात, क्लच घसरून तापतो, आणि मग म्हणतात मशीन हलकं निघालं. शिवाय दगड थेट नडगीवर येतो. तात्यांच्या डाव्या नडगीवर अशी एक खूण आहे. ती आमच्याच बागेतली आहे. तेव्हा गार्ड मीच काढून दिला होता.

या यंत्राचा जन्म कसा झाला ते मी नंतर वाचलं आणि बराच वेळ गप्प बसून राहिलो. अमेरिकेत टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात जॉर्ज बॅलस नावाचा माणूस होता, नृत्यशाळा चालवणारा. 1971 साली मोटार धुण्याच्या यंत्रात त्यानं पाहिलं की मोठे गोल ब्रश फिरतात, त्यांचे केस फिरताना ताठ होऊन गाडीच्या कानाकोपऱ्यात जातात आणि रंगाला मात्र ओरखडा येत नाही. घरी येऊन त्यानं पत्र्याच्या डब्याला भोकं पाडली, त्यांत मासे पकडायची दोरी ओवली आणि डबा फिरवला. नायलॉन पहिल्यांदा बाजारात आलं तेही 1938 साली दात घासायच्या ब्रशाच्या केसांच्या रूपात, तेव्हा ब्रशापासून ब्रशापर्यंतच हा प्रवास झाला म्हणायचा. पण बॅलसला हवं काय होतं? झाडांच्या बुंध्याशी वाढलेलं गवत, झाडांच्या सालीला धक्का न लावता काढायचं होतं. साल वाचावी म्हणून पात्याऐवजी दोरी.

आमच्या बागेच्या खालच्या कोपऱ्यात सहा वर्षांपूर्वी मी एक हापूसचं कलम लावलं होतं, जुनं एक वाऱ्यात पडलं त्याच्या जागी. तीन पावसाळे झाले, बुंधा मनगटाएवढा झाला. त्या अश्विनात तात्यांना ताप होता म्हणून मी स्वतः मशीन घेतलं. कलमाच्या आळ्यात गवत दाट होतं. दोरीच तर आहे, असं म्हणून मी बुंध्याभोवती पूर्ण फेरी मारली. गवत छान निघालं. बुंध्यावर हिरवट ओला पट्टा दिसला, जमिनीपासून चार बोटं वर, सगळीकडून गोल. मला वाटलं गवताचा रस उडालाय.

साल गेली होती. पानं जे अन्न करतात ते मुळांपर्यंत सालीतूनच उतरतं. पट्टा पूर्ण गोल झाला की मुळांचा घास तुटतो, पण वर काही दिसत नाही, कारण पाणी आतल्या लाकडातून चढतच राहतं. कलम कार्तिकात हिरवं होतं, मार्गशीर्षात हिरवं होतं. पौषात मी त्याच्याकडे नीट बघितलं तेव्हा पट्ट्यावर बारीक भुसा दिसला. उघड्या जखमेत खोडकिड्यानं अंडी घातली होती आणि अळी आत पोखरत गेली होती. तारेनं अळी काढली. मोरचूद आणि चुना एकेक किलो, पाणी दहा लिटर, अशी बोर्डो पेस्ट करून लावली. फाल्गुनात पानं लोंबली, चैत्रात ती फांदीला धरूनच तपकिरी झाली. आईनं एकदा काठी टेकत येऊन ते पाहिलं आणि काही न बोलता परत गेली. मोठ्या झाडाची जाड साल दोरीचा एखादा फटका सोसते. कोवळ्या कलमाला ती दोरी पातंच असते, आणि ती माझ्या हातात होती.

दोरीचं आणखी एक आहे. ती झिजते म्हणजे कुठे जाते? एका हंगामात आम्ही काही बंडलं संपवतो. ती सगळी बारीक तुकड्यांनी, कणांनी बागेतच राहते, कुजत नाही. कण वेचता येत नाहीत. बोटभर तुकडे वेचता येतात. आमच्या गोठ्यात एक गाय आहे आणि कापलेलं गवत तिच्यापुढे जायचं. वैरणीत दोरीचा लाल तुकडा दिसला त्या दिवसापासून मशीननं कापलेलं गवत आम्ही तिला घालत नाही, ते कलमांच्या बुडाशी आच्छादन म्हणून पसरतो. तिच्यासाठी गडग्याकडेचा एक पट्टा विळ्यानं कापतो. तुकडे टाकायला तात्यांच्या पट्ट्याला एक डबा बांधलेला आहे.

या वर्षी चतुर्दशीनंतर चौथ्या दिवशी काम सुरू झालं. दोरी आदल्या दिवशी भिजत घातली होती. सकाळी पडवीच्या उजेडात रीळ भरलं. आईनं टोकं मोजली, यंदा कापावी लागली नाहीत. मी तात्यांच्या मागून डबा घेऊन चालत होतो. मेलेल्या कलमाच्या जागी दुसरं लावलंय, त्याला हा दुसरा पावसाळा. त्याच्यापासून चार हातांवर तात्यांनी मशीन बंद केलं, पट्टा काढला, दांडा दगडाला टेकून ठेवला. कमरेच्या आकडीतून विळा काढला आणि आळ्यात उकिडवे बसले. डाव्या हातात मूठ, मग विळा. पुन्हा मूठ. बुंध्याच्या मागच्या बाजूला त्यांचा हात थांबला. गवत बोटांनी बाजूला केलं तर तांबूस पानांचं वीतभर रायवळाचं रोप.

"ठेवू काय, भाऊ?"

"ठेवा."

त्यांनी त्याच्या बाजूचं गवत उपटलं, दोन दगड लावले आणि मशीन सुरू करायला उठले.